पॉन्टियाकचा उस्ताद

शहाजी उस्ताद गेल्याचं कळलं तेव्हा त्याच्या गावाकडच्या एक-दोघांनी मला "देवमाणूस होता हो" असं ऐकवलं. मी मान हलवली, कारण वाद घालण्याचं ते ठिकाण नव्हतं. पण त्याच्याबरोबर एका छपराखाली मी बरीच वर्षं काढली आहेत आणि मला त्याच्यात देव काही दिसला नाही. हातात पाना धरला की त्याच्या तोडीचा माणूस अख्ख्या दोह्यात सापडत नसे, हे खरं. स्वभाव म्हणाल तर नुसतं विष.

आमचं गॅरेज दोह्याच्या नजमा भागात होतं. मालक म्हणजे आमचा कफील अबू जासिम, त्याच्याच नावावर आम्हा सगळ्यांचे व्हिसे आणि त्याच्याच तिजोरीत आमचे पासपोर्ट. मी रत्नागिरीचा रहमान, पार्टच्या काउंटरवर बसायचो. मला अरबी येत असल्यामुळे दुभाष्याचं कामही माझ्याच गळ्यात पडलं होतं. पंच्याहत्तर सालानंतर तेलाचा पैसा आला आणि तिथल्या तरुण पोरांना अमेरिकन गाड्यांचं वेड लागलं. त्यातही दोन गाड्यांचं फार, शेवरोलेची कमारो आणि पॉन्टियाकची फायरबर्ड.

दोन्ही कंपन्या एकाच मोठ्या कंपनीच्या पोटातल्या. त्यामुळे गाड्यांचा सांगाडा एक, दाराच्या काचा एक, पुढच्या चाकांची बरीचशी जोडणीही एक. नवख्याला वाटावं की नाक तेवढं बदललंय. खरा फरक बॉनेट उघडल्यावर दिसायचा. आमच्याकडे येणाऱ्या फायरबर्डमध्ये पॉन्टियाकचं स्वतःचं इंजिन असायचं आणि त्याला कमारोचा गिअरबॉक्स लावायला जावं तर बोल्टची भोकंच जुळायची नाहीत. एका शेजारच्या गॅरेजवाल्यानं असा गिअरबॉक्स मागवला आणि तो महिनाभर दारात ठेवून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या शिव्या खाल्ल्या.

पण सगळ्यात वाईट खोड डेल्कोची. डेल्को म्हणजे प्लगना ठिणगी वाटणारा डबा. वर टोपी, टोपीतून आठ वायरी निघतात आणि आत रोटर फिरत एकेका वायरीला ठिणगी देतो. दोन्ही इंजिनांत तो मागच्या बाजूलाच असतो आणि प्लग पेटण्याचा क्रमही दोन्हीकडे तोच. क्रम तोच आहे म्हटल्यावर माणूस गाफील राहतो. शेवरोलेचा रोटर घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो आणि पॉन्टियाकचा बरोबर उलटा. शेवरोलेवर हात बसलेला मिस्त्री सवयीनं वायरी घड्याळाच्या दिशेनं लावत गेला की इंजिन शिंकतं, ठोकतं आणि कार्बोरेटरमधून जाळ बाहेर फेकतं. टायमिंग पुढं-मागं करायला डबा पिळायचा, तोही उलट्या बाजूला.

शहाजीला हे कुणी सांगितलं नव्हतं. तो सांगली जिल्ह्यातला, एसटीच्या डेपोत शिकलेला. इथं येऊन एका लेबनानी उस्तादाच्या हाताखाली राहिला आणि त्या उस्तादानं त्याला शिकवलं काही नाही, लाथा मात्र घातल्या. एकदा भुवया जळाल्या तेव्हा त्याचं त्यालाच गणित उमगलं. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, माझे हाल झाले ते पुढच्या पोराचे नकोत. शहाजी म्हणाला, "माझ्या भुवया जळल्यात. फुकाट कुणालाच मिळायचं न्हाई." फायरबर्ड आली की तो गाडीभोवती ताडपत्रीचा पडदा ओढून घ्यायचा आणि सगळ्यांना बाहेर काढायचा. अशानं दोह्यातल्या सगळ्या फायरबर्ड त्याच्याकडेच यायला लागल्या, कफीलनं त्याला एसी लावलेली वेगळी खोली दिली आणि उस्तादाचं डोकं आणखी वर गेलं.

इंजिनात हात घालणारे फिटर त्याच्यापाशी टिकत नसत. कुणाच्या हत्यारांत वाळू टाक, कुणाच्या नावानं कफीलकडं चुगली कर, असं करून त्यानं एकेकाला पळवून लावलं. राहिले ते डेंटिंगवाले, एक टायरवाला आणि जालिंदर.

जालिंदर जतकडचा. मान खाली घालून काम करायचा आणि हात फार चांगला होता. तेच शहाजीला खुपायचं. अरबी भाषेतला एकच शब्द शहाजीनं मन लावून पाठ केला होता, हमार, म्हणजे गाढव. कफील गॅरेजात आला की तो जालिंदरकडं बोट दाखवून म्हणायचा, "बाबा, हमार." वर मला सांगायचा, "रहमानभाई, नीट सांगा शेठला. जन्मभर शिकवलं तरी ह्याला पाना कुठल्या हातात धरायचा ते कळायचं न्हाई." मी सांगायचो, कफील हसायचा. पुढं पुढं कफीलही जालिंदरला हमार म्हणूनच हाक मारायला लागला.

एकदा जालिंदर चहा घेऊन पडद्यापाशी गेला. शहाजी मागच्या बाजूला होता, डेल्कोची टोपी काढलेली होती आणि सेल्फचं बटण लांब वायरीनं त्याच्या हातात होतं. जालिंदर पडद्याच्या आत सरकला, एक हात पंख्याच्या पट्ट्यावर टेकवला आणि वाकून बघायला लागला. शहाजीनं वर पाहिलं. जालिंदरचा हात कुठं आहे तेही पाहिलं. मी हे ऐकीव सांगत नाही, फटीतून मला दोघंही दिसत होते. मग त्यानं बटण दाबलं.

जालिंदरच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरं गेली. शहाजी कफीलसमोर मला म्हणाला, "सांगा, हमार हाय म्हून." मी त्या दिवशी ते सांगितलं नाही, पण न सांगताही कफीलला तेच वाटलं. इस्पितळातून परत आल्यावर जालिंदर पूर्वीसारखाच मान खाली घालून कामाला लागला. त्या क्षणी त्याला काय दिसलं होतं ते त्यानं मला फार नंतर सांगितलं. पण मी ते इथंच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. पट्टा फिरला, बोटं गेली आणि त्याच वेळी त्याला उघड्या डेल्कोतला रोटर उलटा फिरताना दिसला. तेवढं त्याला पुरलं.

त्र्याऐंशी साली उन्हाळ्यात शहाजीच्या भावाची तार आली. शहाजीची बायको सत्यभामा मिरजेला इस्पितळात दाखल होती, पोटात गाठ निघाली होती, डॉक्टरांनी हात टेकले होते आणि ती सारखी त्याचं नाव घेत होती. लगेच निघा, असं लिहिलं होतं. मी तार वाचून दाखवली तेव्हा हा माणूस काउंटरखाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला. बायकोवर त्याचा जीव होता. सगळं विष बाहेरच्यांसाठी असायचं, तिच्यासाठी नाही.

मी त्याला घेऊन कफीलकडं गेलो. अबू जासिम काही राक्षस नव्हता. त्यानं शहाजीला शेजारी बसवलं, कहवा दिला आणि शांतपणे सांगितलं, "अल्ला तिला बरं करो. तू जा. पण तू गेलास आणि आला नाहीस तर माझं गॅरेज बंद पडेल. तुझं काम करणारा एक माणूस मला दाखव. माझ्यासमोर त्यानं फायरबर्डचा डेल्को काढावा, परत बसवावा आणि गाडी चालू करावी. त्याच जागी मी पासपोर्ट तुझ्या हातात ठेवतो."

शहाजीनं आधी टायरवाल्याला बसवून पाहिलं. तो बिचारा वायरी बघूनच घाबरला. मग दुपारी जेवणाच्या वेळी उस्ताद स्वतः चहाचा कप घेऊन जालिंदरपाशी गेला. "जालिंदर," तो म्हणाला. इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून मी हे नाव पहिल्यांदा ऐकलं. "जालिंदर, बाळा, जरा बस माझ्यापाशी. तुला एक गंमत दावतो."

जालिंदरनं चहा घेतला. पुढचे काही दिवस पडदा गुंडाळून ठेवला होता. शहाजी त्याला हाताला धरून दाखवायचा, एक नंबरचा प्लग कसा धरायचा, तिथून उलटं कसं जायचं, डबा कुठल्या बाजूला पिळायचा. शिकवायला बसला तर हा माणूस किती सोपं करून सांगू शकतो हे पाहून मलाच राग आला. हे त्याला आधी सुचलं नव्हतं असं नाही. जालिंदर प्रत्येक वेळी गाडी बरोबर चालू करून दाखवायचा आणि शहाजी त्याच्या पाठीवरून हात फिरवायचा. त्यानं बाजारात जाऊन बायकोसाठी साडी घेतली, मिरजेच्या डॉक्टरांसाठी घड्याळ घेतलं आणि बॅग बांधून काउंटरपाशी आणून ठेवली.

शनिवारी कफील आला. त्याच्या भाच्याची काळी फायरबर्ड गॅरेजच्या मधोमध उभी होती. जालिंदरनं डेल्को काढला, पुसला, बसवला, टोपी लावली. मग तो वायरी लावायला लागला आणि शहाजीचा चेहरा बदलला. कारण जालिंदर वायरी घड्याळाच्या दिशेनं लावत होता. शहाजी ओरडला, "आरं, उलटं, उलटं." कफीलनं हात वर करून त्याला गप्प केलं. जालिंदरनं शेवटची वायर लावली, वळून शहाजीकडं शांतपणे पाहिलं आणि सेल्फ मारला. इंजिन ठोकलं आणि कार्बोरेटरमधून जाळ निघाला. टायरवाल्यानं पोतं टाकून तो विझवला.

"हमार," कफील म्हणाला, आणि जायला उठला.

शहाजी त्याच्या आडवा गेला. "रहमानभाई, सांगा त्याला. ह्यो मुद्दाम करतोय. ह्याला सगळं येतंय. माझ्यापरीस चांगलं येतंय."

मी सांगितलं. कफील थांबला आणि त्यानं शहाजीला नीट न्याहाळलं. "इतकी वर्षं तूच म्हणतोस की ह्याला पाना धरता येत नाही. आज घरी जायचंय तर म्हणतोस तुझ्यापेक्षा चांगलं येतं. मग तू खोटं कधी बोललास, तेव्हा की आत्ता?"

मी हे मराठीत सांगितलं आणि उत्तराची वाट बघत उभा राहिलो. "पुढच्या शनिवारी पुन्हा बघू, इन्शाल्ला," असं म्हणून कफील गेला.

त्यानंतर शहाजी जालिंदरच्या पाया पडला. सगळ्यांसमोर, तेल सांडलेल्या फरशीवर. "माझी बोटं तोड, पर मला जाऊ दे. ती वाट बघती माझी." जालिंदरनं पाय मागं घेतले आणि म्हणाला, "उस्ताद, मला कुठं काय येतंय? तुमीच शिकवा की नीट."

काहीजण म्हणतील, बरी जिरवली. मी म्हणणार नाही. शहाजीशी हिशेब होता, मान्य. पण त्या बाईनं जालिंदरचं काय वाकडं केलं होतं? गावाहून कुणी आलं की ती शेंगदाण्याच्या चटणीचा डबा पाठवायची, सगळ्या पोरांना द्या म्हणून निरोप असायचा, आणि ती चटणी जालिंदरनंही भाकरीला लावून खाल्ली होती. मी त्याला हे तोंडावर विचारलं. तो म्हणाला, "मला बाईंशी कायबी न्हाई. त्यांचं वाईटच वाटतंय." आणि पुढच्या शनिवारी त्यानं पुन्हा गाडीतून जाळ काढला. त्याच्या पुढच्याही शनिवारी काढला. तिसऱ्या वेळेपर्यंत शहाजी ओरडायचाही थांबला होता. तो नुसता भिंतीला टेकून बघत राहिला.

दुसरी तार आली तेव्हा ती मला वाचून दाखवावी लागली नाही. माझ्या चेहऱ्यावरून त्याला कळलं.

मी कफीलला फोन केला. तो ताबडतोब आला, शहाजीला छातीशी धरलं, मयताची दुआ म्हटली आणि खिशातून पासपोर्ट काढून त्याच्या हातात ठेवला. तिकीटही त्यानंच काढलं होतं. मरणासाठी परवानगी मागावी लागत नाही, असं तो मला म्हणाला. शहाजी पासपोर्टकडं बघत खुर्चीवर बसून राहिला.

काळी फायरबर्ड अजून तशीच पडून होती. जालिंदरला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं हात धुतले, बॉनेट उघडलं, टोपीवरून सगळ्या वायरी उपटल्या आणि एकेक करून उलट्या दिशेनं लावल्या. दोन अर्ध्या बोटांनी त्याचा हात कुठं अडला नाही. डबा हलकेच पिळून घट्ट केला आणि सेल्फ मारला. इंजिन एका झटक्यात सुरू झालं आणि न ठोकता चालत राहिलं.

कफीलला मनापासून आनंद झाला. तो जालिंदरच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "शाबास." मग शहाजीकडं वळला आणि अगदी मायेनं, समजूत काढावी तसा म्हणाला, "बघ, आलं ना त्याला. इतक्या वर्षांत नीट शिकवलं असतंस तर पहिल्याच तारेला गेला असतास."

हे वाक्य मी शहाजीला मराठीत सांगितलं. इंजिनच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नसावं असं वाटलं, म्हणून जवळ जाऊन पुन्हा एकदा सांगितलं.