पसारी चाचांचं किराईत

तोरणमाळच्या डोंगरात मला ज्यांनी वाचवलं, ते म्हसावदचे पसारी चाचा, जडीबुटी गोळा करून विकणारे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं गोष्टीच्या भरात राहून जायला नको. त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांना ते आवडलं नसतं.

तुमच्यापैकी कुणी त्या काळात म्हसावदहून वर चढला असाल, तर त्यांना पाहिलंही असेल. पुढं तट्टू, तट्टूवर रिकामी पोती आणि मागं चाचा. वाटेत मुसळी, शतावरी, किराईत असं औषधाचं काही दिसलं की ते थांबत. उजवा हात कपाळाला लावून त्या रोपट्याला सलाम करत आणि त्याला न शिवता पुढं जात. त्याच जातीचं दुसरं सापडलं, तरच कमरेचं खुरपं बाहेर निघे.

"पहिलं झाड घरधनी ऱ्हास," ते म्हणत. "त्याले सलाम करो, मंग घरमा शिरो."

मी राजापूरकडचा. चौथीतून शाळा सुटली आणि मामाच्या ओळखीनं लाकूडतोडीच्या एका कंत्राटदाराकडे स्वयंपाकी म्हणून लागलो. तळ पडला होता थेट सातपुड्यात. मी कोकणी म्हटलं की डोंगरातली कोकणी जमातीची आदिवासी माणसं खूश होऊन आपल्या बोलीत बोलू लागत, आणि मी नुसता त्यांच्या तोंडाकडे पाहत राही. चाचा मला त्यातून सोडवत. "हाऊ आपला कोकणी नही रे भो, हाऊ समुद्रना कोकणी शे!"

मला तेव्हा सगळ्याचीच धास्ती असे. डाळ शिजेल का, रात्री वाघ येईल का, आईचं पत्र का आलं नाही. एकदा वाघाची डरकाळी ऐकून मी पातेल्यामागं बसलो, तर चाचा म्हणाले, "बाहेर ये ना रे. तुले खाईसन त्या वाघनं काय पोट भराव शे? तुन्हा आंगमा शे काय!"

चाचांच्या तोंडी एक वाक्य नेहमी असायचं: "वर चालनं गयं." म्हणजे वर निघून गेलं.

पूर्वी किराईत म्हणे डोंगराच्या पायथ्याशीच मिळे. मग खालचं रान तुटलं, कोळशाच्या भट्ट्या लागल्या, सपाटीवरची गुरं चरायला वर येऊ लागली. उघड्या झालेल्या उतारावरून तापीकाठची झळ सरळ वर चढू लागली. किराईत आधी मधल्या टप्प्यावर दिसू लागलं, मग तिथूनही गेलं. रानकेळीचं तेच. ओल्या खोडांवर फुलणाऱ्या आमरीचं तेच. चाचा विसाव्याला आमच्या तळावर बसत, चहाची बशी फुंकत आणि सांगत, "औंदा ते भी वर चालनं गयं, भो."

आमचा मुकादम शहाद्याकडचा, जिभेचा तिखट. तो विचारी, "काय चाचा, झाडले पाय फुटनात का?"

"पाय नही, पन बी ले वारा शे, पाखरू शे. जठे गारवा, तठे ते रुजस. खाल तुम्हीन सावली ठेवी का?"

"आनि डोंगर सरना मंग?"

चाचा बशीतला शेवटचा घोट घेत. "मंग त्याले इचार, ज्यानी डोंगर करा." आणि तट्टूला काठी न लावता, नुसतं चुचकारून निघत.

सगळंच त्यांचं बरोबर असे असं नाही. शेकरू दिसलं की पाऊस लांबतो, असं ते छातीठोक सांगत, आणि त्याच दुपारी आम्ही सगळे भिजत असू. मुकादम आठवण करून देई. चाचा म्हणत, "शेकरू खोटाडं निंघनं, त्याले मी काय करू?"

एका वर्षी पावसाळ्यात तोड बंद होती. रचलेल्या लाकडांच्या राखणीला मुकादम आणि मी असे दोघेच वर होतो. आश्विन लागला आणि मला हिवतापानं धरलं. अशी थंडी भरे की दात वाजलेले मुकादमाला बाहेर ऐकू येत. तापावरच्या कोयनेलच्या पुड्या संपल्या. खाली शहाद्याला जावं तर मधला नाला भरून वाहत होता. पुढं पुढं मला माणसं ओळखू येईनात. मी मुकादमालाच आई म्हणून हाक मारली, हे त्यानं मला पुढं कितीतरी दिवस ऐकवलं.

त्यात चाचा आले. नाला कसा ओलांडला कोण जाणे. ते मुसळीसाठी आले होते. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला, तट्टूच्या पाठीवरची पोती तिथंच उतरवली आणि तसेच वर निघून गेले. मुकादम सांगे, दिवस मावळायला परतले ते नखशिखांत भिजलेले, धोतर काट्यांनी फाटलेलं आणि फेट्याच्या शेवात गुंडाळलेलं एक रोपटं. एकच.

"पी," ते म्हणाले. "तोंड वाकडं कर, मन्हा बापले शिव्या दे, पन पी."

किराईताचा काढा ज्यांनी घेतलाय, त्यांना त्याचा कडूपणा वेगळा सांगायला नको. तेच रोपटं उकळून, तेच पुन्हा उकळून त्यांनी मला पाजलं. मुसळीचा हंगाम सोडून ते माझ्या उशाशी बसून राहिले. ताप काढ्यानं उतरला की कपाळावरच्या त्या खरखरीत तळहातानं, ते जाणकारांनी ठरवावं. मी उठून भाताची पेज मागितली, तेव्हा चाचांनी मुकादमाच्या पाठीवर इतक्या जोरात थाप मारली की तो चुलीवर पडता पडता वाचला.

अंगात जरा ताकद आली तसा एक विचार मला पोखरू लागला. मी विचारलं, "चाचा, ते किराईत दुसरं होतं ना?"

ते तट्टूचा पट्टा आवळत होते. "दुसरं व्हतंच नही. अख्खं पठार फिरनू. तेच पहिलं, तेच शेवटलं."

"मग?"

"मंग काय? सलाम कया, माफी मांगी आनि उपाडी लिधं. फुलवर व्हतं बिचारं, बी भी धरेल नव्हतं."

त्यांनी पट्टा सोडून माझ्याकडे पाहिलं. "तुन्ही माय तठे वाट देखी ऱ्हायनी. त्या झाडनी वाट देखणारं कोन ऱ्हायनं व्हतं? एकलंच ते."

पुढच्या वर्षी मी त्यांच्याबरोबर त्या जागी गेलो. पठाराच्या अगदी कडेला, एका घळीच्या डोक्याशी जांभळीची काही झाडं आहेत. खोडं वाकडी, म्हणून कुऱ्हाडीतून सुटलेली. खाली गार सावली, पायाखाली कुजलेला पाला. चाचा वाकून वाकून पाला बाजूला करत होते, बोटांनी माती चाचपत होते. गवत होतं, नेची होती, किराईत नव्हतं. आता ते नेहमीचं वाक्य म्हणतील म्हणून मी वाट पाहिली. पण तिथून वर नुसतं आभाळ होतं.

हाताची माती झटकून ते उठले. "चाल," म्हणाले, "भूक लागनी."

पुढं तळ उठला आणि मी नंदुरबारला एका खाणावळीत चुलीपुढं आलो. वर जाणं राहिलं. परवाच्या साली सारंगखेड्याच्या घोडेबाजारात मला ते तट्टू दिसलं. दोर चाचांच्या पुतण्याच्या हातात होता. मी काही विचारायच्या आधीच तो म्हणाला, "चाचा गयात, भो. झोपमाच."

मी माणसांना जेवायला वाढतो, घरी पैसे धाडतो, आईच्या हातचं माशाचं कालवण खाऊन येतो. हे सगळं त्यांनी दिलेलं आयुष्य आहे, आणि एका झाडानंही. आमच्याकडे राजापूरला बांधाच्या कडेनं गार सावलीत किराईत उगवतं. आईला सांगून ठेवलंय, यंदा कापू नको, बी पिकू दे. समुद्राकाठचं ते बी वर नेऊन पेरलं, तर सातपुड्यात रुजेल का, ही धास्ती मला आहेच. रुजलं नाही तर पुन्हा नेईन, त्यानंतरही नेईन. चाचा, त्या जांभळीखाली अजून सावली आहे, असं वरून येणारी माणसं सांगतात. ती आहे तोवर मी येतो.