आमेनच्या आधीचं नाव

लोक मला मोठा भाविक समजतात. खरं सांगायचं तर मी प्रार्थनेला एक डोळा उघडा ठेवणारा माणूस. दुधावर मांजर आलंय का, तेही बघत असतो. त्यामुळे बाबांना अर्धांगवायूचा झटका आला आणि तिसगावहून त्यांना नगरच्या दवाखान्यात आणलं, तेव्हा देवाकडे मागायचं कसं हेच मला सुचेना. बाबांची वाचा गेली होती. परत येईल की नाही, डॉक्टर सांगत नव्हते.

आणि वॉर्डच्या दारात माझी धाकटी बहीण मंगल उभी होती. तिने स्वतःच्या मर्जीने लग्न केलं तेव्हा बाबा म्हणाले होते, "तू आम्हाला मेलीस." त्यानंतर ती माहेरी आली नव्हती. आमच्याकडे सांजेच्या प्रार्थनेत बाबा नावं घेऊन आशीर्वाद मागतात: माझं, माझ्या बायकोचं, पोरांचं आणि शेंडेफळ म्हणून शेवटी मंगलचं. त्या दिवसापासून तिचं नाव गळलं. पोरांनंतर थेट आमेन.

"आत चल ना," मी म्हटलं.

"मेली म्हणलेत, भाऊ. आता त्यांनीच हाक मारावी."

"अगं, त्यांना पाणीसुद्धा मागता येईना. निदान खुर्ची तरी घे."

"मेल्या माणसाला खुर्ची लागत न्हाई."

एरवी मी मयतीतसुद्धा विनोद करतो आणि बायकोचे चिमटे खातो. तेव्हा मात्र नुसती खुर्ची दारात नेऊन ठेवली.

सांजेला शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यांची बायको आमच्याकडे आली. राहात्याकडची, ओळख ना पाळख. "आमची प्रार्थना व्हायचीय. तुमच्या बाबांसाठी बी करू का?" मी मान हलवली. आम्हा ख्रिस्ती घरांत रोज म्हणतात ती प्रभूची प्रार्थना तिने सुरू केली, आणि दोन ओळींत बाबांचे ओठ हलले. मग आवाज आला. घोगरा, अडखळता, पण शब्द कळत होते.

प्रार्थना संपली, बाई थांबली. बाबा थांबले नाहीत. माझं नाव आलं. बायकोचं. पोरांची. मी दोन्ही डोळे गच्च मिटले. पुढचं आमेन मला पाठ होतं. ते मंगलच्या कानावर पडू नये, एवढंच मागत होतो. बाबा अडले. त्यांनी श्वास घेतला.

"मंगल," ते म्हणाले. मग आमेन.

डोळे उघडले तेव्हा ती खाटेच्या कडेला बसली होती, त्यांचा लुळा हात मांडीवर घेऊन.

पाठ असलेलं असं कधी कधी येतं, असं डॉक्टर म्हणाले. मी वाद घातला नाही. एवढी वर्षं आमच्या घरात पाठ होतं ते तिच्या नावाविना, हे त्यांना कुठून ठाऊक असणार?

बाबा अजून फारसं बोलत नाहीत. सांजेची नावं मात्र सगळी घेतात. राहात्याच्या त्या बाईचं नाव विचारायचं राहूनच गेलं; तिच्यासाठी मी मनातल्या मनात मागतो, पत्ता देव शोधेल. आता मी दोन्ही डोळे मिटतो. दूध त्याच्या भरवशावर.