माझी जाऊ आणि बिनदाराची घरं

आमच्या गावातून पोलिओ गेला तो सरकारमुळे नव्हे आणि डॉक्टरमुळे तर मुळीच नव्हे. तो माझ्या धाकट्या जावेच्या तोंडाला कंटाळून गेला, असं माझं मत आहे. दुसऱ्याच्या घरात शिरताना आधी हाक मारायची असते, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. ती थेट चुलीपर्यंत जायची, पातेल्यावरचं झाकण उचलून बघायची, कुणाच्याही लेकराचं नाक आपल्या पदराने पुसायची आणि वर त्याच्या आईला म्हणायची, "पोरगं तुझं हाय, शेंबूड काय माझा हाय व्हय?" बाया तिला बघून कडी लावत. मग ती मागच्या दाराने यायची. लोक म्हणत, घरात काही दुःख असेल म्हणून बाई गावाची सेवा करते. तसलं काही नव्हतं. नवरा होता, दोन धडधाकट पोरं होती आणि वेळेवर भाकरी थापायला मी होते. तिला एका जागी बसवत नसे, एवढंच.

हिंगोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता तेव्हाची गोष्ट. डोसाच्या रविवारी कॉलेजची पोरं-पोरी पांढऱ्या टोप्या घालून मदतीला यायची आणि पुढारी उद्घाटनाला. त्या वर्षी एकच लेकरू फोटोसाठी चार पुढाऱ्यांच्या मांडीवर फिरलं. चौथ्याच्या धोतरावर ते मुतलं. जाऊ मोठ्याने म्हणाली, "लेकराला कळलं, आता तुमाला कळू द्या." तिथे कार्यक्रम संपला. पुढचे दोन दिवस घरोघर जाऊन राहिलेली लेकरं शोधायची आणि दारावर खडूने खूण करायची, असं काम होतं.

त्याच वेळी कालव्याकडच्या आमच्या रानात धनगरांची मेंढरं बसली होती. खतासाठी दोन रात्री मेंढरं बसवायची आणि बदल्यात ज्वारी द्यायची, हा आमच्याकडचा रिवाज. कॉलेजच्या पोरांनी तिथल्या म्हाताऱ्याला विचारलं, लेकरं किती? तो म्हणाला, "देवाची किरपा हाय." लेकरं आणि मेंढरं ते लोक मोजून सांगत नाहीत, दृष्ट लागते म्हणतात. पोरांनी कागदावर 'निरंक' लिहिलं. डोसाच्या कामावर देखरेख करणाऱ्या साहेबानेही मान डोलावली. दार नाही तर खूण कुठे करणार, आणि खूण नाही तर ते घर कसलं!

"दार न्हाई म्हून लेकरू बी न्हाई व्हय?" जाऊ म्हणाली. "साहेब, तुमी शिकले तरी काहून?"

तिने डोसाच्या बाटल्या ठेवलेला बर्फाचा डबा काखेत मारला आणि रानात गेली. मी ज्वारी द्यायला तिथेच होते. तिचा आवाज ऐकून मेंढरांमागून तीन लेकरं आपणहून बाहेर आली. त्यांना थेंब पाजून झाले. बिऱ्हाड घोड्यावर लादलेलं होतं, माणसं निघायच्या बेतात होती. तेवढ्यात जावेची नजर एका तरण्या बाईवर गेली. बाईची चोळी दुधाने ओली झाली होती.

"हे दूध कुणासाठी गं?"

बाईने पालथ्या डालग्याकडे बघितलं. बाळ त्याखाली कोकरांबरोबर झाकलेलं होतं. तिचं पहिलं लेकरू सुई टोचल्यावर तापाने गेलं होतं; हे देणार नाही म्हणाली. आता जाऊ तिची सालटी काढणार म्हणून मी पदर खोचला. पण जाऊ काहीच बोलली नाही. मेंढरं हलली, तशी तीही त्यांच्यामागे निघाली.

"अगं, कुठं चालली? बर्फ दिवस मावळेपर्यंत टिकतो. मग त्या औषधाचं पाणी होतंय."

"म्हून तर लवकर चालून राहिले ना, अक्का."

दिवसभर साहेब डब्यासाठी बोंबलत होता आणि मी त्याला चहा पाजत होते. दिवस मावळता जाऊ लेंड्यांनी भरलेल्या लुगड्यात परत आली.

"दिलं का तिनं लेकरू?"

"दिलं की. बर्फाचे दोन खडे राह्यले व्हते तवा. ती म्हनली, एवढ्या दूर काहून आल्या? म्या म्हनलं, घरी थोरली जाऊ लई जाच करती. ती हसली. म्हनली, माझी बी करती. मंग दिलं."

साहेबाने ते लेकरू कागदावर चढवलं. माझी बदनामी मात्र धनगरांबरोबर आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावपर्यंत गेली.

पाच-सहा वर्षांनी ती मेंढरं पुन्हा आमच्याकडे बसली. एक पोरगं अनवाणी, ढेकळांवरून त्यांच्यामागे धावत होतं. तेच होतं की दुसरं, कोण जाणे. जावेचे गुडघे तोवर गेले होते. ती बांधावर बसून त्याच्या पायांकडे बघत राहिली. पोरगं आमच्या हळदीत शिरलं, तशी ओरडली, "ए मुडद्या, हळद तुडवतो व्हय? पळ!"

ते पळालं, पार कालव्याच्या वळणापर्यंत.

"आनखी पळ," ती म्हणाली. पण ते इतकं हळू, की शेजारी बसले होते म्हणून मला ऐकू आलं.