‘ओ’चं बटण

मिलिंद गेल्याचा फोन आला त्या सकाळी नागापूरच्या आमच्या शेडमध्ये वीज नव्हती. वीज नसली की आमच्याकडे चहा व्हायचा आणि गप्पा व्हायच्या, आणि गप्पांचा सगळा भार मिलिंदवर असायचा. आजारपणात त्याचं येणं थांबल्यापासून मी एकटाच दारात खुर्ची टाकून बसत असे. फोन सुनंदा वहिनींचा, म्हणजे त्याच्या बायकोचा होता. “भावजी, या,” एवढंच म्हणाल्या. काय झालं ते मी विचारलं नाही. स्कूटर काढली आणि सावेडीला त्याच्या घरी निघालो. वाटेत ओळखीच्या टपरीवाल्याने नेहमीसारखा हात केला, मीही हात केला, आणि मग मात्र स्कूटर बाजूला घ्यावी लागली... आता पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होऊन गेला आहे, पाहुणे आपापल्या गावी पोचले आहेत, आणि मी शेडमधल्या त्याच्या रिकाम्या खुर्चीकडे पाठ करून हे लिहितो आहे. तोंड करून लिहायला जमत नाही.

आम्ही दोघे पॉलिटेक्निकपासूनचे. डिप्लोमा झाल्यावर दूध संकलन केंद्रांसाठी यंत्रं बनवायची असं त्यानेच ठरवलं आणि मला त्यात ओढलं. यंत्र म्हणजे एक पेटी: काट्यावरचं वजन वाचायचं, आकडा दाखवायचा, पावती छापायची, टाकीचा व्हॉल्व्ह उघडायचा आणि बंद करायचा. पेटीत एक कार्ड, कार्डावर चिप, आणि चिपला पाय. पिनांना आमच्या धंद्यात सगळे पायच म्हणतात. पण कोणत्या पायाने बाहेरची खबर आत घ्यायची आणि कोणत्या पायाने आतला हुकूम बाहेर द्यायचा, हे प्रोग्रॅममध्ये आधी ठरवून द्यावं लागतं. पुस्तकातले त्यासाठीचे शब्द मिलिंदने पहिल्याच महिन्यात निकालात काढले. त्याच्याकडे दोनच जाती होत्या, ऐकणारा पाय आणि बोलणारा पाय. काट्याचा पाय ऐकणारा, व्हॉल्व्हचा पाय बोलणारा. गिऱ्हाइकंसुद्धा आम्हाला फोनवर “तुमचा ऐकणारा पाय बिघडलाय” असं सांगायला लागली होती. स्वतः मिलिंद मात्र अव्वल दर्जाचा बोलणारा. स्कूटरवर मागे बसून नागापुरात सुरू केलेली गोष्ट त्याला राहुरीपर्यंत पुरायची, आणि वाऱ्यामुळे मला त्यातली निम्मीच कळायची. त्याचं त्याला काही नव्हतं. मी अधूनमधून “हं” म्हणावं, एवढीच त्याची अपेक्षा.

पुणतांब्याचा प्रसंग मी विसरणार नाही. तिथल्या केंद्रात पहिलं मोठं यंत्र बसवलं होतं. सकाळची वेळ, टाकी काठोकाठ भरलेली, माणसं बघायला जमलेली. त्या चिपची एक खोड आहे. पाय बोलणारे केले रे केले की पहिला शब्द ते शून्य असा बोलतात, कुणी न सांगता. आणि मिलिंदने व्हॉल्व्ह असा जोडला होता की शून्य म्हणजे उघड. शेडमधल्या चाचणीत व्हॉल्व्हऐवजी दिवा लावलेला होता, तो क्षणभर लुकलुकला तर कोण बघतो? इथे मात्र बटण दाबताच व्हॉल्व्ह उघडला, उघडलेला तसाच अडकला, आणि दूध फरशीवरून उंबऱ्याबाहेर गेलं. मिलिंद भिजल्या पायांनी तसाच उभा. केंद्राचे अप्पा म्हणून एक म्हातारे होते, ते रागावलेदेखील नाहीत. “सायेब, तुमचं यंत्र लई घाईचं हाय,” म्हणाले. “बोलायच्या आधी इचारायचं तरी हुतं कुणाला.” परत येताना राहुरी आली तरी मागून आवाज नाही. तेवढी एकच फेरी त्याने न बोलता केली. दुसऱ्या दिवसापासून आमच्या प्रत्येक यंत्राची सुरुवात ठरून गेली: आधी सगळे पाय ऐकणारे, बाहेर काय चाललंय ते बघायचं, मग ज्याला बोलायचं त्याने बोलायचं.

गेल्या वर्षी त्याने नवं वेड घेतलं. कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर मिळालेल्या सीडीवरून एका जुन्या बोर्डावर लिनक्स चढवलं आणि त्याला आमचं पायांचं कार्ड जोडलं. स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही. जो तो दोन हजार साल लागल्यावर कॉम्प्युटर बंद पडणार म्हणून धास्तावलेला, आणि हा त्या बोर्डाकडे बघून खुशीत. “विन्या, याला तोंड नाही, पण सगळं करतं बघ,” म्हणाला. त्याच सुमारास त्याचा घसा बसला तो सुटेना. तंबाखूला कधी हात न लावलेला माणूस. पुण्याच्या डॉक्टरांनी स्वरयंत्र काढावं लागेल असं सांगितलं, आणि ऑपरेशनच्या आदल्या दिवशी फाटक्या आवाजात तो मला म्हणाला, “आता मी नुसता ऐकणारा पाय.” तो हसत होता. मला हसता आलं नाही, आणि रडलो असतो तर त्याला आवडलं नसतं.

घरी आल्यावर त्याला पाटी दिली होती. ती तो दोन शब्द लिहून बाजूला सारायचा. बोलण्याच्या वेगाची सवय असलेल्या माणसाला पाटी कशी पुरणार? मग त्याने अंथरुणात बसूनच त्या बिनतोंडाच्या बोर्डाची पेटी केली. उशाशी बटणं, स्वयंपाकघरात ओट्यावर दिवे: पाणी, खिडकी, इकडे ये. वीज गेली तरी चालावी म्हणून खाटेखाली ट्रकची जुनी बॅटरी. आमच्या शेवटच्या भेटीत त्याने मला एकेक बटण दाबून दाखवलं. त्यात एक वायर उलटी होती. बटण ओट्यापाशी आणि दिवा त्याच्या उशाशी. “अरे, तुला ऐकू येतं की. वहिनी हाक मारतील,” मी म्हणालो. त्याने पाटी ओढली आणि लिहिलं, ‘ती हाक मारत नाही. मला ओ देता येत नाही म्हणून.’

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. नवऱ्याला हाक मारायची आणि घरात काहीच उमटायचं नाही, हे वहिनींना सोसेना. म्हणून त्या घरात कुणीच बोलेनासं झालं होतं... मिलिंदने मग असं जमवलं होतं. वहिनींनी बटण दाबलं की एक दिवा त्याच्या उशाशी लागायचा आणि एक त्यांच्या ओट्यावर. त्याच्याजवळच्या एका बटणावर त्याने पांढऱ्या रंगाने ‘ओ’ लिहिलं होतं. ते दाबल्याशिवाय दिवे विझायचे नाहीत. वहिनी म्हणाल्या, दिवसातून किती वेळा उगीचच दाबते, आणि तेही लगेच ओ देतात.

परवा त्यांनी मला पेटी बघायला बोलावलं. नको झाली असेल असं वाटून मी स्क्रू ड्रायव्हर घेऊनच गेलो. खोली आवरलेली होती, खाटेवर धुतलेली चादर, आणि उशाशी तो बारका तांबडा दिवा लागलेला. “त्या दिवशी सकाळी चहा झाला म्हणून मी बटण दाबलं,” वहिनी दारातूनच म्हणाल्या. “बराच वेळ विझला नाही, तेव्हा आत आले.” त्यांनी दिव्याकडे बोट दाखवलं. “मग कुणी हात लावला नाही.”

मी म्हणालो, तुमची इच्छा असेल तर बंद करतो. त्यांनी विचारलं, “आणि बॅटरी संपली तर?”

“विझेल. परत चालू केलं तर त्याला काही आठवणार नाही. सगळे पाय ऐकणारे होतील आणि नव्याने सुरू होईल.”

“हाक मारलेली पण विसरेल?”

“हो, वहिनी.”

“मग तेवढी बॅटरी बघून द्या, भावजी.”

मी खाटेखाली बसलो. बॅटरीत पाणी घातलं, टोकांवरचा पांढरा थर खरवडला, तारा घट्ट केल्या आणि पेटीचं झाकण न उघडता बाहेर आलो. वहिनींनी चहा ठेवला होता. ओट्यावरचा दिवाही लागलेलाच होता.