रपट्यावरचे बारा दगड

आमच्या नाल्याला पूर यायचा तो बहुधा उन्हात. गावावर ढगाचा ठिपका नसायचा, पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, रोपांवर छान ऊन पडलेलं असायचं, आणि वरच्या टेकड्यांत कधीतरी कोसळून गेलेला पाऊस दोन-तीन तासांनी आमच्या रस्त्यावर येऊन पोचायचा. आधी बेडकं गप्प व्हायची. मग नाल्याच्या पात्रातून गार वारा यायचा, ओल्या मातीच्या वासाचा. त्यानंतर वाळलेली पानं, काड्या आणि फेस पुढे ढकलत पाण्याची बोटभर उंचीची कड वळणावरून हळूच सरकत यायची. ती दिसली की पळायचं, कारण तिच्या मागचं पाणी कमरेएवढं असायचं. त्या उन्हातल्या पाण्याची मला भुतापेक्षा जास्त भीती वाटे. भूत निदान रात्र तरी पाहून येतं.

गावापासून चांदूर रेल्वेच्या डांबरी सडकेपर्यंत अडीच मैलांचा कच्चा रस्ता होता आणि त्याच्या मधोमध हा नाला. पूल नव्हता. नाल्याच्या तळात दगडी फरशी बसवून केलेला रपटा होता, म्हणजे उन्हाळ्यात रस्ता आणि पावसाळ्यात नाला. दर साली पूर रपट्याची कड खायचा आणि दर साली मैलकुली ती भरून काढायचा. मैलकुली म्हणजे ठरावीक मैलांच्या रस्त्याची निगा राखायला सरकारने ठेवलेला माणूस. आमचा मैलकुली पन्नाशीचा, काटक आणि तोंडाचा फटकळ. पावसाळाभर तो नाल्याच्या काठी झोपडी करून एकटाच राही. सगळं गाव त्याला मामा म्हणे. तो कुणब्याचा, आम्ही तेव्हा चार-पाच वर्षांपूर्वीच बौद्ध झालेले. गावात त्याच्या घरची विहीर वेगळी, आमची वेगळी. पण रपट्यावर पाणी असलं की शाळेच्या पोरांना हात धरून पार नेताना हा हात कुणाच्या घरचा, हे त्याने कधी पाहिलं नाही.

रपट्याच्या खालच्या कडेला त्याने बारा दगड ओळीने उभे केले होते आणि चुन्याने पांढरे फेक केले होते. बंडीचं, म्हणजे बैलगाडीचं, चाक कडेवरून घसरू नये म्हणून ते होते, असं सरकारला वाटत असेल. त्यांचं खरं काम वेगळं होतं. रपटा मधे खोलगट होता आणि तिथला सातवा दगड मामाने मुद्दाम बुटका ठेवला होता. पाणी धोक्याच्या वर चढलं की सगळ्यात आधी सातवा बुडायचा. म्हणून काठावर उभं राहून दगड मोजायचे. बारा भरले तर चालायचं, अकरा भरले तर थांबायचं. आणि मोजायचं दोनदा, एकदा काठावरून आणि एकदा बैलांचे पुढचे पाय भिजल्यावर.

"पानी खोटं बोलते," मामा म्हणायचा, "दगड नाई बोलत. पन त्यालेई दोनदा इचारजो."

मला बारापर्यंतचे आकडे शाळेने नाही शिकवले, मामाने शिकवले. माझी नजर चांगली होती, त्यामुळे पुढे सगळं गाव मलाच मोजायला लावायचं. बाजाराला निघालेल्या बाया बंडी थांबवून म्हणायच्या, "मोज वं पोरी." मी बोट लांब करून एकेक दगड टिपायची. तेवढं बोट मात्र त्यांना खपत नसे. कोहळ्याच्या कोवळ्या फळाला बोट दाखवलं की ते सडतं, तसंच दगडांचं, असं त्यांचं म्हणणं. दिवेलागणीला ते बारा दगड पाण्यात पाठमोरे बसलेल्या माणसांसारखे दिसत, आणि तेव्हा तर बोट दाखवायचंच नाही, नाहीतर त्यातला एखादा वळून पाहतो म्हणे. मी हसायची. मी शिकलेली होते ना! शहाणपणा नुसता उतू चालला होता.

मी मॅट्रिक झाले आणि अमरावतीला मास्तरणीच्या ट्रेनिंगसाठी माझी निवड झाली. आमच्या घरातून नोकरीच्या दारापर्यंत पोचलेली मी पहिलीच. पत्रात लिहिलं होतं की, ठरल्या दिवशी हजर न झाल्यास जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला दिली जाईल. बाबांनी ते वाक्य माझ्याकडून इतक्या वेळा वाचून घेतलं की त्यांना पाठ झालं. हजर व्हायचं त्याच्या आदल्या दिवशी दुपारची गाडी गाठायची, बडनेऱ्याला बदलायची, रात्री अमरावतीत ओळखीच्या घरी टेकायचं आणि सकाळी ट्रेनिंगच्या शाळेच्या दारात उभं राहायचं, असं सगळं ठरलं. रात्री मी तीनदा उठून आभाळ पाहिलं. आभाळ स्वच्छ होतं, आणि त्यात आनंद मानण्यासारखं काही नाही हे मला कळायला हवं होतं.

सकाळी बंडी जुंपली. मी, आई आणि माझी पत्र्याची पेटी, हाकायला बाबा. ऊन चांगलं चढलं होतं. नाल्याच्या अलीकडे दोन शेतं असतानाच माझ्या लक्षात आलं की बेडकांचा आवाज नाही. आईनेही ओळखलं, तिने पदर घट्ट केला.

काठावर आलो तर पाणी येऊन गेलेलं. म्हणजे कड पुढे निघून गेली होती आणि मागचं लाल पाणी रपट्यावरून वाहत होतं. आवाज मोठा होता, पण पाणी फार वाटत नव्हतं. मामाच्या झोपडीबाहेर चुन्याचा डबा उघडा होता आणि त्यात कुंचला तसाच उभा होता. चुना ओला होता. बाबांनी दोन हाका मारल्या. ओ आली नाही. "चांदूरले गेला असन," बाबा म्हणाले. मला ते पटलं नाही. मामा चुन्याचा डबा कधी उघडा टाकत नसे. पण गाडीची वेळ झाली होती.

"किती वं?" बाबांनी विचारलं. त्यांना लांबचं नीट दिसत नसे.

मी बोट लांब केलं. एक, दोन, तीन. दगडांची फक्त डोकी पाण्यावर होती, आणि प्रत्येकाभोवती फेसाचं कडं. सहा. सात. सातवा मला जरा मोठा वाटला. त्याचा चुना मळकट वाटला, आणि त्याच्याभोवतीचं पाणी इतरांसारखं फुटत नव्हतं, थरथरत होतं. क्षणभर असं वाटलं की हा दगड आपल्याकडे पाहतो आहे. मी स्वतःलाच मनात रागावले, बायांच्या गोष्टी डोक्यात घेऊन मास्तरीण होणार का तू? बोट पुढे सरकलं. आठ, नऊ.

"बारा," मी म्हटलं.

"पक्के?"

"पक्के, बाबा."

आज हे लिहिताना लपवाछपवी कशाला करू? मला बारा हवे होते. तो दगड कसा दिसतो याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं.

बैल पुढे जायला तयार होईनात. बाबांनी शेपट्या पिरगाळल्या तेव्हा ते नाकातून फुसफुसत उतारावर आले आणि त्यांचे पुढचे पाय भिजले. नियम म्हणून मी पुन्हा बोट उचललं. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. आणि मग नुसतं पाणी. मी डोळे मिटले, उघडले. सहाव्यानंतर आठवा होता. एवढ्यात पाणी चढलं असतं तर बाकीचेही थोडे खाली गेले असते. ते होते तसेच होते. मधलाच कुणीतरी उठून गेल्यासारखी ती जागा रिकामी होती.

बारा म्हणावंसं वाटलं. बाबांना दिसत नव्हतं, आई डोळे मिटून बसली होती. आकडा माझ्या तोंडात तयार होता. पण तो कशाने तरी बाहेर येईना, आणि मी म्हटलं, "अकरा."

बाबांनी एका शब्दाने न विचारता बैल मागे ओढले. आम्ही काठावर चढलो तोवर पाण्याचा आवाज बदलला. वळणावरून दुसरा लोंढा आला आणि पाहता पाहता बाराच्या बारा जागा लाल पाण्याखाली गेल्या. एक अख्खं बाभळीचं झाड मुळांसकट रपट्यावरून आडवं गेलं. आई बंडीची बाजू दोन्ही हातांनी धरून बसली होती. आणि मी? मी रडत होते ते गाडीसाठी. वारा तिकडून होता, दुपारी गाडीची शिट्टी स्पष्ट ऐकू आली, आणि त्या अकराच्या आकड्याला मी मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या की काय सांगू.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताच बाबा म्हणाले, "चाल. जागा गेली तर गेली, तोंड तर दाखवून येऊ." पाणी उतरलं होतं. रपटा उघडा पडला होता, आणि सातव्या दगडाच्या जागी पुरुषाच्या कमरेइतका खोल खड्डा होता. पुरानेच नेला असेल, असं मी म्हणणार, तेवढ्यात बाबांनी माझा दंड धरला आणि झोपडीकडे बोट केलं. सातवा दगड झोपडीच्या मागे, दोन विटांवर आडवा ठेवलेला होता. मामाने तो दुरुस्तीसाठी काढून आणला होता. त्याच्यावरचा नवा चुना वाळून कोरडा ठक्क झाला होता. पुराचं पाणी तिथवर पोचलंच नव्हतं.

म्हणजे काल तो दगड रपट्यावर नव्हताच. मी मोजला तेव्हाही नव्हता.

तेवढ्यात खालच्या अंगाने म्हशीवाले ओरडत आले. मामा त्यांना पलीकडच्या वळणावर बाभळीच्या जाळीत अडकलेला सापडला होता. जिवंत होता. उजवा पाय गुडघ्याखाली मोडून भलतीकडेच वळला होता. त्याला आमच्याच बंडीत माझ्या पेटीला टेकून निजवलं, चांदूरला नेलं आणि दुपारच्या त्याच गाडीने अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात. वाटभर त्याची शुद्ध येत-जात होती. मी त्याच्या डोक्याचा दुपट्टा सोडून पिळला. तो पांढरा होता, चुन्याच्या शिंतोड्यांनी मळकट झालेला. मी तो परत त्याच्या डोक्याला बांधला नाही, माझ्याने बांधवला नाही.

दुसऱ्या सकाळी ट्रेनिंगच्या बाईंनी माझ्याकडे वर न पाहताच नाव लिहून घेतलं. एक दिवस उशीर झाला म्हणून कुणी चकार शब्द काढला नाही. ज्या एका दिवसासाठी मी बारा मोजले होते, त्या दिवसाची कुणाला आठवणसुद्धा नव्हती.

दोन रविवार मी दवाखान्याच्या फाटकापासून परत फिरले. तिसऱ्या रविवारी आत गेले. मामा खाटेवर उठून बसला होता, पायाला प्लास्टर. मी बिस्किटांचा पुडा ठेवला आणि खाटेच्या पायथ्याशी उभी राहिले. मग त्यानेच सांगितलं. सातव्याचा खड्डा साफ करत होता, तेवढ्यात पाणी आलं. पाय फरशीच्या कपारीत अडकला. दोन्ही हातांनी पाण्याखाली आठवा दगड धरून होता, पाण्यावर राहिलं ते डोकं.

"तुमची बंडी दिसली. म्हटलं, वाचलो आता. आरडलो लय, पन त्या पान्यात मलेच ऐकू नाई आलं."

"मग?" मी विचारलं.

"तू मोजून राह्यली होती. तुह्यं बोट दिसे मले. पाच झाले, सहा झाले. मंग माह्यावर आलं. म्हटलं, आता पोरगी थांबते." तो थांबला आणि बिस्किटाचा कागद नखाने सरळ करत राहिला. "नाई थांबली. बोट पुढं गेलं, आठवर."

मी रडायला लागले. त्याला ते आवडलं नाही. "काहून रडतं वं? बंडी उतरली असती तर तिघंबी गेले असते. माह्या मुंडक्यानं बारा भरत होते नं. मले मालूम होतं, दुसऱ्यांदा तू मोजीनच, मीनंच शिकवलं तुले. म्हटलं, आपुन खाली जाऊ. मुंडकं घातलं पान्यात. मंग पानीच आलं अंगावर, पाय मुडला अन् सुटलो. सुटन असं थोडंच ठाऊक होतं."

पाय मोडला म्हणून सुटला. नसता मोडला तर तिथेच राहिला असता.

त्याचा पाय पुढे लंगडाच राहिला. सातवा दगड दुसऱ्या मैलकुलीने बसवला. काही वर्षांनी तिथे पूल झाला आणि दगड कुणी कुणी गोठ्याला, विहिरीला नेले.

मी एकतीस वर्षं शिकवलं. पोरं प्रार्थनेला ओळीने उभी राहत आणि हेडमास्तर म्हणत, "बाई, मोजून घ्या." मी बोटाने कधी मोजलं नाही. एकेकाचं नाव घ्यायचे, आणि "हजर" ऐकू आल्याशिवाय पुढचं नाव घ्यायचे नाही. फार वेळ लागतो म्हणून हेडमास्तर चिडायचे. चिडू देत.