विचारणाऱ्यांची मोजणी

साउथहॅम्प्टनमधल्या एका हॉस्पिटलची नवी इमारत कशी काम देते, हे मोजणं माझ्याकडे होतं. उजेड, आवाज, उकाडा, लिफ्ट आणि पाट्या. पाट्यांची परीक्षा सगळ्यात सोपी. आलेल्या माणसाने कुणालाही रस्ता विचारला, की हातातल्या काउंटरचं बटण दाबायचं. आकडा जितका कमी, तितकी इमारत हुशार.

मोजणीच्याच आठवड्यात सासऱ्यांची डोळ्यांच्या क्लिनिकमध्ये अपॉइंटमेंट आली. त्यांना एकट्याने जायचं होतं. नवऱ्याने अट घातली, "चुकलात बाबा, तर यापुढे दर वेळी कुणीतरी सोबत येणार."

"मी काय शाळेत चाललोय?" बाबा म्हणाले.

मी माझी सूचना जोडली. "मी तिथे दिसले तर ओळख दाखवू नका. आणि कुणाला काही विचारू नका. पाट्या आहेत."

पुण्यात बाबांनी आयुष्यभर माहीत असलेले पत्तेसुद्धा विचारले आहेत. तीन जणांचं एकमत झाल्याशिवाय ते वळत नाहीत. त्या सकाळी दारातून आत आल्या आल्या त्यांनी सफाईवाल्याला विचारलं, मग कॉफीच्या रांगेतल्या बाईंना, मग एका पोर्टरला. माझं बटण चालूच.

"हे आजोबा मोजणीतून वगळू या," माझा सहकारी म्हणाला. "यांना सवयच दिसते." मला हायसं वाटलं.

तेवढ्यात बाबांनी मला पाहिलं आणि त्यांना माझी ताकीद आठवली असावी. त्यांनी विचारणं सोडलं. पाटीपाशी गेले. पांढऱ्या भिंतीवर फिकट राखाडी अक्षरं. आर्किटेक्टला ती शांत वाटली होती. बाबांनी नाक जवळजवळ भिंतीला लावलं आणि आत्मविश्वासाने डावीकडे वळले.

क्लिनिक उजवीकडे होतं. डावीकडे कपड्यांच्या ट्रॉल्या ठेवायची खोली. माझ्या पद्धतीप्रमाणे मात्र हे यश होतं: कुणालाही न विचारता माणूस निघाला.

मी मागे जावं, तर बाबा चुकले असं ठरणार. जाऊ नये, तर अपॉइंटमेंट बुडणार. मी एक पाऊल टाकलंही, पण बाबा स्वतःच परत आले आणि थेट माझ्यासमोर उभे राहिले.

"एक्सक्यूज मी मॅडम, आय क्लिनिक?"

"उजवीकडे, सर. दुसरं दार."

मग हळूच मराठीत, "पाटीवर काही लिहिलंय का गं? मला नुसती भिंतच दिसते."

मी बटण दाबलं. सहकाऱ्याला म्हटलं, "यांना वगळायचं नाही. सगळे प्रश्न मोज."

संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, "जमलं का बाबांना?"

"वेळेत पोचले," मी म्हणाले.

इमारतीचे गुण घसरले. ठळक पाट्या पुढच्या वर्षीच्या बजेटमध्ये बसतील, असं कळवण्यात आलं आहे. बाबांची पुढची अपॉइंटमेंट त्याआधीच आहे. एकटेच जाणार आहेत. या वेळी मी त्यांना बजावलंय, भेटेल त्याला विचारा.