खोडलेले बारा

पाठ अर्ध्या तासाचा. तो नीट झाला तर जयगडजवळच्या त्या हायस्कुलात गणिताची जागा मला, नाहीतर परत मिरजोळ्याच्या कारखान्यात काजू निवडायला. बी.एड. होऊन चार वर्षं मी तेच करत होते. निघताना आई म्हणाली, "घाबरतेस काय गो? पोरं आहेत ती, वाघ नायत." सांगायला काय जातंय! माझी पाचावर धारण बसली होती.

वर्ग आठवीचा, विषय घातांकांचे नियम. शेवटच्या बाकावर मुख्याध्यापक आणि संस्थेचे अध्यक्ष. मी आमच्या गुरुजींचं घोकणं मुलांकडून म्हणून घेतलं, "गुणाकार आला, बेरीज करा! भागाकार आला, वजाबाकी करा!" याच घोकण्यावर आमच्या गावची पोरं पास झाली. बेरीज फक्त घातांकांची करायची, हे मात्र त्यात कुठेच नाही. मी फळ्यावर लिहिलं, ३x² × ४x³. भीतीने डोक्यात तोच सूर चालू. दोन नि तीन पाच, तीन नि चार सात. लिहून मोकळी झाले, ७x⁵.

सगळ्या माना खाली गेल्या, पेन्सिली चालू झाल्या. अध्यक्षांनीही मान डोलावली.

वळले तर पहिल्या बाकावरची मुलगी खोडरबराने वहीतले १२ खोडत होती. खोडून तिने तिथे ७ लिहिले. तीन चोक बारा, अगं बाई! गप्प राहिले असते तर बहुतेक खपून गेलं असतं, आणि मला ती नोकरी हवी होती हो, फार हवी होती.

"थांबा," मी म्हटलं, "माझं चुकलंय. x च्या जागी एक घालून बघा. खरं उत्तर बारा येतं, माझं सात. बेरीज घातांकांची, आकड्यांचा गुणाकारच." आवाज इतका कापत होता की मलाच लाज वाटली.

मग त्या मुलीला विचारलं, "तुझं बरोबर होतं. खोडलंस कशाला गो?"

"तुम्ही फळ्यावर लिहिलंत ना, बाई."

जागा मिळाली, कशी ते मुख्याध्यापकांनाच ठाऊक. त्यांची भीती आता वाटत नाही. पण फळ्यावर उत्तर लिहिलं की वर्गाकडे वळायला मी अजून घाबरते. वळले की आधी बघते, कोणी खोडतंय का.